दुसऱ्यांदा लिहिलेला अर्ज

आपल्या बडोद्यात दांडिया बाजारातील किंवा रावपुऱ्यातील एखाद्या जुन्या मराठी घरी मुलाने 'मला डॉक्टर व्हायचे आहे' असे म्हटले, की पहिला प्रश्न येतो तो गुणांचा. डॉक्टर का व्हायचे, हे सहसा कोणी विचारीत नाही. तशी गरजही पडत नाही. आपल्या देशात वैद्यकीय प्रवेशाचा निवाडा 'नीट' परीक्षेच्या 720 गुणांवर होतो. गुण कमी पडले तर मुलगा एक वर्ष 'ड्रॉप' घेतो, पुन्हा क्लास लावतो आणि पुन्हा परीक्षेस बसतो. या खेपेला काय सुधारायचे, याविषयी त्याच्या मनात शंका नसते. गेल्या वर्षी जे प्रश्न चुकले, ते यंदा बरोबर सोडवायचे.

परंतु याच घरांतील जी नातवंडे अमेरिकेत वाढली, त्यांची परीक्षा निराळी आहे. तेथे आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. मग 'एमकॅट' नावाची प्रवेशपरीक्षा असते, तिचे गुण 472 पासून 528 पर्यंत मोजतात. त्यानंतर बहुतेक मेडिकल कॉलेजांसाठी एका मध्यवर्ती सेवेमार्फत अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जात एक निबंध असतो. विषय एकच : तुम्हाला वैद्यकीय शिक्षण का घ्यायचे आहे? उत्तरासाठी जागा 5,300 अक्षरांची, आणि त्यांत दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागाही धरलेल्या. याखेरीज आपण केलेल्या कामांची 15 पर्यंत टिपणे द्यायची, प्रत्येकास 700 अक्षरे. त्यांतील तीन कामे आपणांस सर्वांत मोलाची वाटली असे सांगून त्यांच्यावर आणखी 1,325 अक्षरे लिहिता येतात. पुढे उन्हाळ्यात प्रत्येक कॉलेज आपापले प्रश्न धाडते, त्यांचीही उत्तरे लिहायची. मे महिन्यात अर्ज उघडतो, मुलाखती हिवाळाभर चालतात, आणि वर्ग भरतात ते पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीस.

इतके करून ज्यांना कोठेच जागा मिळत नाही, तेच बहुसंख्य असतात. 2021 साली सुमारे 62 हजार जणांनी अर्ज केले आणि साडेबावीस हजारांच्या आसपास मुले प्रत्यक्ष दाखल झाली. 2023 साली अर्जदार साडेबावन्न हजारांवर आले, तरी दाखल झालेले तेवीस हजारांच्या आतच होते. राहिलेल्यांपैकी कित्येक जण पुन्हा अर्ज करतात. दर चार अर्जदारांत साधारण एक तरी असा दुसऱ्यांदा वा तिसऱ्यांदा आलेला असतो. त्याच्यापुढचा प्रश्न 'ड्रॉप' घेतलेल्या मुलाच्या प्रश्नाहून अवघड आहे. 'मला डॉक्टर का व्हायचे आहे' या उत्तरात चूक शोधायची कोठे? आणि ती सुधारायची म्हणजे काय करायचे?

हा विषय गाण्याच्या मास्तराने का काढावा, असे वाचकांस वाटेल. कारण साधे आहे. माझी एक शिष्या न्यू जर्सीत राहते. तिचे आजोळ इकडे वाडीत. नवव्या वर्षापासून दर रविवारी, तिकडची सकाळ आणि इकडची संध्याकाळ साधून, ती फोनच्या पडद्यावर माझ्यासमोर बसते. गेल्या खेपेस तिला एकाही कॉलेजाने घेतले नाही. दुसऱ्या अर्जाची तयारी सुरू झाली तेव्हा तिने जुना आणि नवा असे दोन्ही निबंध मला धाडले, आणि लिहिले, "सर, गाण्याचा भाग बरोबर आहे ना, तेवढं बघाल का?"

पहिल्या निबंधाची सुरुवात तानपुऱ्याच्या झंकाराने होती. आजोबा अत्यवस्थ आहेत, नात उशाशी बसून यमन आळविते आहे, त्यांची तगमग हळूहळू शमते, रक्तदाब उतरतो, आणि सूर हेच औषध असल्याचा तिला साक्षात्कार होतो, असा तो प्रसंग होता. पुढे रागांनी रोग बरे करण्याच्या प्राचीन विद्येवर एक परिच्छेद होता.

दुसरा निबंध हा पहिल्याचाच थाटमाट वाढविलेला अवतार होता. तो एकट्या मुलीने लिहिलेला नव्हता. तिच्या मामाने आरंभ अधिक नाट्यमय केला होता. आत्या तिकडे डॉक्टर आहे. तिने आजोबांच्या शेवटच्या रात्रीचे वर्णन घालायला सांगितले होते. वडिलांनी हजार वर्षांच्या परंपरेचे एक वाक्य जोडले होते. पैसे घेऊन निबंध तपासणारे सल्लागार तिकडे असतात, तशा एकाने सगळ्यावर इस्त्री फिरविली होती. प्रत्येकाचा हेतू चांगला होता. पण मुलगी त्यात कोठे आहे, हे मला वाचूनही सापडेना.

मला विचारले होते गाण्यापुरते, म्हणून उत्तर गाण्यापुरतेच दिले. गाण्याने मन स्वस्थ होते, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती संगीत ऐकल्याने कमी होते, असे दाखविणारे अभ्यासही झालेले आहेत. पण अमुक राग गायिला की अमुक रोग हटतो, असे मला कोणी शिकविलेले नाही आणि मी कोणाला शिकवीत नाही. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीने डॉक्टरांच्याच समितीपुढे ते सिद्ध झाल्यासारखे मांडू नये, इतके मी कळविले.

खरी गोष्ट निघाली ती तिच्या आजीकडून. काकूंनी तीस वर्षे शाळेत शिकविले. इंग्रजीही तेच शिकवीत, तेव्हा भाषांतर करून सांगण्याची गरज नव्हती. नातीने तोच निबंध त्यांनाही धाडला होता. मी एका संध्याकाळी सहज डोकावलो, तर कागद पुढ्यात आणि चष्मा हातात धरून त्या बसलेल्या.

"मास्तर, हे असं झालंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "ती गायला बसली खरी. पण हे म्हणाले, 'गाणं राहू दे बाळ, पाणी दे.' आणि पाणी द्यायचं किती, तोच तर घोर होता."

काकांची मूत्रपिंडे निकामी झाली होती; आठवड्यातून तीनदा डायलिसिस चाले. अशा रोग्याच्या शरीरातून जादा पाणी आपोआप बाहेर पडत नाही. ते साठते, अंगावर सूज येते, श्वास कोंडतो. म्हणून दिवसाचे पाणी मोजून द्यावे लागते, आणि त्यात चहा, आमटी, ताक सारे धरावे लागते. डॉक्टरांनी आकडा मिलिलिटरमध्ये सांगितला होता. घरात मात्र मापे वाटीची, फुलपात्राची आणि चमच्याची. सुटीत आलेल्या त्या मुलीने औषधाच्या बाटलीच्या झाकणाने घरातली प्रत्येक वाटी मोजली. कॅलेंडरच्या पानामागे सकाळ, दुपार, रात्र असे रकाने आखले आणि दिलेला प्रत्येक घोट टिपला. आजोबा पाणी मागत आणि ती 'अजून अर्ध्या तासाने' म्हणे, तेव्हा ते तिच्यावर रागावत. ती स्वयंपाकघरात जाऊन रडे आणि पुन्हा येऊन बसे.

यातील एक अक्षरही निबंधात नव्हते. तिला ते सांगण्याजोगे वाटले नसावे. यमन शोभून दिसतो. वाट्यांचा हिशेब कोणाला सांगायचा?

पण काकूंचे दुखणे निराळे होते. त्यांनी मला विचारले, "खोटं आहे ते तर जाऊ द्याच. पण खरं लिहिलं तरी ह्यांचं दुखणं त्या परक्या लोकांनी का वाचावं? ते काय तिच्या प्रवेशासाठी आजारी पडले होते?"

या प्रश्नावर पटकन उत्तर देता येईल असे मला वाटत नाही. आपल्या घरांत आजारपण चार भिंतींबाहेर बोलायची रीत नाही, मग ते कागदावर उतरवून दूरदेशीच्या समितीपुढे ठेवणे तर दूरच. तिकडच्या अर्जांत आजी-आजोबांच्या आजाराचे आणि मृत्यूचे प्रसंग फार येतात. ते लिहिणाऱ्या मुलांचे प्रेम खोटे नसते. पण दुःख पुढे करून जागा मागितली, की ती मागणी याचनेच्या अगदी जवळ जाते, आणि ज्याचे दुःख त्याला कोणी विचारलेले नसते.

येथे मला डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. मराठी घरातून अमेरिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेलेला तो पहिला अर्ज, आणि त्यालाही एक आधीचा, फसलेला अर्ज आहे. 1878 साली कोल्हापूर मुक्कामी असताना गोपाळरावांनी वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीच्या शिक्षणास मदत मिळावी आणि आपल्यालाही तिकडे काही काम मिळावे, असा त्याचा आशय होता. वाइल्डरने उलट ख्रिस्ती होण्याचा उपदेश केला आणि तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. काम झाले नाही. पण तोच छापील मजकूर 1880 साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला आणि त्यातून पुढचा मार्ग निघाला.

1883 च्या जूनमध्ये आनंदीबाई अमेरिकेस पोचल्या, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास त्यांनी स्वतः पत्र लिहिले. वय 18. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करीत नाही, हे त्यांनी त्यात झाकले नाही. ज्या स्त्रिया पुरुष डॉक्टरचा हात लावून घेण्यापेक्षा मरण पत्करतील, त्यांच्यासाठी आपणांस हे शिक्षण हवे आहे, असे त्यांनी लिहिले. स्वतःसाठी म्हणून काही मागितले नाही. त्यांचे स्वतःचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले होते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या पत्राचा भार मात्र त्या दुःखावर ठेवलेला नाही. तो त्या दुःखाने दाखविलेल्या कामावर आहे. महाविद्यालयाने त्यांना घेतले आणि 11 मार्च 1886 रोजी त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची 22 वर्षे पुरी होण्यापूर्वी त्या गेल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, ते काम करणे त्यांच्या नशिबी नव्हते.

1878 आणि 1883 या दोन पत्रांत जो फरक आहे तो भाषेच्या सफाईचा नाही. पहिले पत्र दुसऱ्याने लिहिलेले होते. दुसरे जिला शिकायचे होते तिने स्वतः लिहिले, आणि मधल्या पाच वर्षांत तिला काय करायचे आहे ते तिचे तिला कळले होते.

माझे वडील तरुणपणी संस्थानच्या कलावंत कारखान्यात होते. संस्थान 1949 साली विलीन झाले. पुढे घरी शिकवण्या करीत. शिकायला आलेला मुलगा तयार नसला तर त्याला ते सरळ परत पाठवीत. तो वर्षा-सहा महिन्यांनी पुन्हा आला, म्हणजे मुद्दाम तीच चीज म्हणायला सांगत. कोणी नवी, अवघड चीज बसवून आला असेल तर ती ऐकतच नसत. म्हणत, "चीज बदललीस ते दिसलं. तू बदललास का ते मला ऐकू दे." माझ्या शिष्येला मी हेच सांगितले. निबंधातला प्रसंग बदलणे सोपे आहे. गेल्या वर्षभरात तुझ्यात काय बदलले, ते आधी सांग.

ती बराच वेळ गप्प होती. मग हळूहळू बोलू लागली. या वर्षी ती एका दवाखान्यात डॉक्टरांच्या नोंदी टिपून घेण्याचे काम करते. तेथे वयस्क गुजराती आणि मराठी रोगी येतात. डॉक्टर इंग्रजीत पाण्याचे आणि मिठाचे प्रमाण सांगतात, रोगी मान डोलावतो, मुलगा किंवा सून घाईघाईने काहीतरी उलथा करते, आणि मंडळी घरी जातात. आपणच मधे पडून समजावून सांगावे असे तिला वाटे. पण तसे करता येत नाही. दुभाषा शिकलेला असावा, असा तिकडे नियम आहे, कारण एका शब्दाच्या चुकीने औषधाची चूक होते. तेव्हा तिने वैद्यकीय दुभाष्याचे 40 तासांचे शिक्षण घेतले. पहिल्या अर्जाच्या वेळी हे काहीच नव्हते. आणि गंमत अशी, की हे सर्व तिने 700 अक्षरांच्या टिपणात एका कोपऱ्यात टाकले होते. मुख्य निबंधात यमनच चालला होता.

काकूंनी आठ दिवस घेतले. नात फोनवर म्हणाली होती, "आजी, तू नको म्हणालीस तर आजोबांचं सगळं काढून टाकते." आठ दिवसांनी काकू म्हणाल्या, "लिही. पण जे झालं तेच लिही. आणि ह्यांना बिचारे करू नकोस. रागावले होते तर रागावले होते असं लिही."

तिसरा निबंध तिने कोऱ्या कागदावर सुरू केला. त्यात तानपुरा नाही. गाणे एका ओळीत आले आहे, तेही आजोबांनी नको म्हटले एवढ्यापुरते. वाटी आहे, कॅलेंडर आहे, आणि मिलिलिटर व वाटी यांच्यामधले जे अंतर घरात दिसले तेच दवाखान्यात पुन्हा दिसल्यावर तिने काय केले, ते आहे. अर्धे आयुष्य गाणे शिकविणाऱ्याला आपली विद्या निबंधातून गेल्याचे वाईट वाटले का, असे कोणी विचारील. मुळीच नाही. गाणे ती अजूनही रविवारी गाते. ते समितीला दाखविण्यासाठी शिकलेले नव्हते.

ज्यांच्या घरी असा दुसरा अर्ज लिहिला जात असेल, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी येथे सांगून ठेवतो. नुसत्या निबंधाला दोष देऊ नये. गुण कमी पडले का, अर्ज उशिरा गेला का, निवडलेली कॉलेजे आपल्या आवाक्यातली होती का, शिफारसपत्रे कोणाची होती, रोग्यांच्या सहवासात किती वेळ गेला, हे आधी पाहावे. यांतील उणीव निबंधाने भरून निघत नाही. काही कॉलेजे नाकारलेल्या अर्जदाराला कारणे सांगतात, नम्रपणे विचारावे. मागील वर्षीचा अर्ज त्या कॉलेजाच्या दप्तरी असू शकतो, म्हणून तोच निबंध शब्द फिरवून धाडणे बरे नव्हे. अनेक कॉलेजे तर पुन्हा अर्ज करणाऱ्यास सरळच विचारतात, की मागील खेपेनंतर काय बदलले. त्या उत्तरात तक्रार नसावी, आणि केवळ निर्धाराची भाषाही नसावी. काय केले ते सांगावे. डॉक्टर होण्याचे मूळ कारण खरे असेल तर ते बदलण्याची जरुरी नाही. ते कारण आता कोणत्या कामात दिसते, एवढे नवे लिहावे.

आणि निबंध स्वतःचाच असावा. मध्यवर्ती अर्जात तसे प्रतिज्ञेवर लिहून द्यावे लागते. वडीलधाऱ्यांचा सल्ला, किंवा हल्ली निघालेल्या एआय यंत्रांची मदत, विचार जुळविण्यापुरती आणि शुद्धलेखनापुरती चालते. अखेरचा मजकूर मात्र अर्जदाराचाच हवा. आपल्या घरांत चार माणसे मिळून लग्नपत्रिकेचा मसुदा करतात, त्या सवयीने हा कागद करू नये. मामा, काका, आत्या यांच्याकडून एकच मदत घ्यावी. त्यांना वाचून दाखवावे आणि विचारावे, हे असेच झाले होते ना? घरच्या माणसांइतके ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

माझ्या शिष्येचा अर्ज गेला आहे. मुलाखतीची पत्रे येतील तेव्हा येतील; तिला यंदा जागा मिळेल की नाही, हे निबंधावरून सांगता येत नाही, आणि चांगला निबंध लिहिला म्हणून जागा मिळालीच पाहिजे असेही नाही. साडेबावन्न हजारांतून तेवीस हजार निवडताना पुष्कळ लायक मुले बाहेर राहतात. तिसऱ्यांदा अर्ज करावा लागला तर करीन, असे ती म्हणते. काकूंनी त्या निबंधाची प्रत मागवून घेतली आहे. ती त्यांनी काकांच्या कागदपत्रांच्या पेटीत, त्या कॅलेंडरच्या पानाशेजारी ठेवली आहे.